पाहिलात का हो तो चित्रपट?

संपादक महाशय,

'सप्रेम नमस्कार' लिहावं इतकं प्रेम तुमच्याबद्दल उरलेलं नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. दर शनिवारी रात्री आपल्या गेमिंग क्लॅनमधल्या सगळ्यांना तुमचं पत्रक येतं. वर आठवड्याच्या बातम्या, खाली 'वीकेंडला काय पाहाल'. वाचणारे कोण? नाशिकचे, सांगलीचे, दोह्याला आणि म्युनिकला नोकरीसाठी गेलेले. कुणी स्वतः दहावीत आहे, कुणाची मुलं दहावीत आहेत. रात्रीच्या मॅचमध्ये एकमेकांना सांभाळून घेणारी ही माणसं तुमच्या शब्दावर रविवारचे दोन तास टाकतात. त्या दोन तासांचं आणि त्या विश्वासाचं तुम्ही काय केलंत, ते सगळ्यांसमोर मांडायला हे पत्र आहे. तुमचं नाव लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि तुम्हाला तर पहिल्या ओळीलाच कळलं असेल.

तुमच्या 'गेमर्सनी पाहायलाच हवेत' या यादीपासून सुरुवात करू. त्यात २००७ चा 'द किंग ऑफ काँग' होता. खाली तुमचं वाक्य: 'बिली मिचेलच्या जिद्दीची प्रेरणादायी कहाणी.' महाशय, हा चित्रपट तुम्ही पाहिलेला नाही. पहिली वीस मिनिटं पाहून झोपी गेलेला माणूससुद्धा असं लिहिणार नाही. सेथ गॉर्डनच्या या माहितीपटात ज्याच्यासाठी आपण जीव मुठीत धरून बसतो तो आहे स्टीव्ह वीबी. नोकरी गेलेला, शाळेत विज्ञान शिकवायला लागलेला, घराच्या गॅरेजमध्ये 'डाँकी काँग'चं जुनं मशीन ठेवून रात्र रात्र खेळणारा गृहस्थ. एका प्रसंगात तो विक्रमी गुणांच्या तोंडाशी आलेला असतो आणि मागून त्याचा लहानगा मुलगा 'बाबा, इकडे या' म्हणून भोकाड पसरतो. वीबीची नजर पडद्यावर, हात लिव्हरवर, आणि मुलाचा आवाज चढत चाललेला. घरात मुलंबाळं असताना गेम खेळणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाला त्या प्रसंगात आपलं घर दिसतं. मिचेल या गोष्टीत समोरच्या बाजूला आहे: फ्लोरिडाचा, हॉट सॉस विकणारा, वर्षानुवर्षं विजेता म्हणून मिरवलेला. त्याला फार काळं रंगवलं, काही गोष्टी सोयीनं गाळल्या, असा आक्षेप चित्रपटावर घेतला गेलाय आणि तोही वाचकाला सांगण्यासारखा आहे.

आणि खरी बातमी तर त्याच्या पुढची आहे. २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं मिचेलचे सगळे विक्रम काढून टाकले. वादग्रस्त गुण मूळ आर्केड मशीनवर केलेले नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. मिचेलनं ते नाकारलं, कोर्टात गेला. २०२० मध्ये गिनेसनं त्याचे विक्रम पुन्हा मान्य केले आणि २०२४ च्या जानेवारीत ट्विन गॅलक्सीजशी त्याची तडजोड झाली. ही गोष्ट कुठल्या थरारपटाला कमी आहे? तुम्ही बातमी आणि शिफारस एकाच पानावर छापता. दोन्ही जोडून पाच ओळी लिहिल्या असत्यात तर आपली पोरं त्या रात्री मूळ मशीन आणि त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे इम्युलेटर, यातला फरक काय, पुरावा कशाला म्हणायचं, यावर भांडली असती. तुम्ही मात्र कुठल्या तरी यादीतलं नाव उचललंत आणि अंदाजपंचे एक वाक्य ठोकून दिलंत.

पण हे एकवेळ सोडून देता आलं असतं. 'इबेलिन'चं जे केलंत ते सोडता येत नाही.

'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन', २०२४, दिग्दर्शक बेंजामिन री. तुमच्या पत्रकातलं वाक्य जसंच्या तसं देते: 'गेम खेळता खेळता मेलेल्या मुलाची डोळ्यांत पाणी आणणारी सत्यकथा.' हे साफ खोटं आहे. मॅट्स स्टीन हा नॉर्वेचा मुलगा ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी घेऊन जन्मला होता. या आजारात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. आधी चालणं जातं, मग हात, मग श्वास. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला तो या आजारानं. आणि खेळ? बोटांत जेवढी हालचाल शिल्लक होती तेवढ्यावर तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये इबेलिन नावाचा रांगडा गुप्तहेर होऊन धावत होता, लोकांची भांडणं मिटवत होता, प्रेमात पडत होता. स्टारलाइट नावाच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, त्याची माणसं होती. आईवडिलांना याची गंधवार्ता नव्हती. आपला मुलगा एकटा जगला, मित्रांविना गेला, हेच त्यांचं दुःख होतं. वडिलांनी त्याच्या निधनाची बातमी त्याच्याच लेखनाच्या पानावर टाकली आणि युरोपभरातून अनोळखी लोकांची पत्रं यायला लागली. तुमच्या मुलानं माझ्यासाठी काय केलं, ते सांगणारी. त्यातले काहीजण ऑस्लोला अंत्यसंस्काराला आले.

त्या चित्रपटात डेन्मार्कमधली एक आई आहे. तिचा मुलगा ऑटिस्टिक, घरात तिला जवळ येऊ न देणारा. इबेलिन तिला सुचवतो की तूही मुलासोबत खेळायला लाग. दोघं एकाच घरात, वेगळ्या खोल्यांत बसून खेळतात आणि गेममधली त्यांची पात्रं एकमेकांना मिठी मारतात. मिठीची आज्ञा टाइप केली की पात्र मिठी मारतं, यापलीकडे तिथे काही नाही. आपण सगळ्यांनी ती आज्ञा शेकडो वेळा गंमत म्हणून वापरली आहे. ती आई त्या पडद्याकडे ज्या नजरेनं पाहते, ते पाहून झाल्यावर ती आज्ञा पुन्हा पहिल्यासारखी टाइप होत नाही.

आता आपल्याकडे काय झालं ते ऐका. आपल्या क्लॅनमधल्या एका मुलाच्या वडिलांनी तुमचं ते वाक्य वाचलं. 'बघ, तुझ्याच ग्रुपवर आलंय, खेळता खेळता मेला' म्हणून त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढून कपाटात ठेवली. पोरगं सांगत होतं की बाबा, चित्रपट वेगळा आहे, एकदा बघा तरी. वडील म्हणाले, छापलंय ते काय खोटं? जो चित्रपट अशाच आईवडिलांसाठी केलाय, ज्यात एका बापाला मुलगा गेल्यानंतर त्याचं जग कळतं, तो तुम्ही एका वाक्यात बापाच्या हातातली काठी करून टाकलात. त्या मुलाची माफी मागितलीत का? त्याच्या वडिलांना फोन केलात का? पुढच्या शनिवारी पत्रक आलं, त्यात दुरुस्तीचा एक शब्द नव्हता.

'इबेलिन'मधली एक गोष्ट खास तुमच्या कामाची होती, तीही तुमच्यापर्यंत पोचली नाही. मॅट्सचं गेममधलं आयुष्य पडद्यावर उभं करता आलं कारण स्टारलाइटनं आपल्या संभाषणांच्या नोंदी जपल्या होत्या. बेचाळीस हजार पानं भरतील एवढ्या. कोण काय बोललं, कोण कुणावर रुसलं, कुणी कुणाला मनवलं, सगळं. त्यावरून ॲनिमेशननं ते दिवस पुन्हा रचले. म्हणजे एका गिल्डनं आपल्या माणसांची खबर ठेवली, म्हणून एका आईवडिलांना आपला मुलगा परत भेटला. आणि आपल्याकडे? सांगलीचा आपला हीलर, मॅचमध्ये बाकीच्यांना जिवंत ठेवणारा खेळाडू, दोन आठवडे दिसला नाही. तो डेंग्यूनं हॉस्पिटलमध्ये होता, सलाइन लावलेलं. तुमच्या पत्रकात त्याचं टोपणनाव 'निष्क्रिय सदस्य, स्लॉट रिकामा होणार' या यादीत आलं. एक मेसेज टाकून 'काय रे, बरा आहेस ना?' विचारायला किती वेळ लागतो? त्यानं ती यादी हॉस्पिटलच्या खाटेवर वाचली. आठवड्याची बातमी म्हणजे आधी आपल्यातला कोण आजारी आहे, कुणाला नोकरी लागली, कुणाला मुलगी झाली, कोण परीक्षेसाठी महिनाभर रजेवर आहे. हे तुम्हाला बातमी वाटतच नाही. तुम्हाला बातमी वाटते ती बंदुकीच्या नव्या स्किनवरची सवलत.

बरं, बाहेरच्या बातम्या तरी धड द्याल! २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. तुमचा मथळा होता: 'भारतात ऑनलाइन गेमिंगवर बंदी!' त्या रात्री व्हॉइस चॅटवर निम्मी मुलं रडकुंडीला आली होती. कायद्याचं पहिलं पान तरी उघडायचं होतंत. बंदी आहे ती पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर, मग तो खेळ कौशल्याचा म्हणा की नशिबाचा. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यानं मान्यता दिली आहे. सोशल आणि शैक्षणिक गेम्सना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. असे पैशाचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पाठोपाठ पैसे लावून खेळायच्या फँटसी क्रिकेटच्या ड्रीम११ चं नाव भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून गेलं, त्यामागे हेच कारण होतं. आपण जे खेळतो त्याला धक्का लागलेला नव्हता, आणि हे सांगणं हेच त्या शनिवारी तुमचं काम होतं.

आणि याच कायद्यात जाहिरातीचं कलमही आहे: पैशाच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण त्याआधीचे कित्येक महिने तुमच्या पत्रकाच्या तळाशी 'प्रायोजक' म्हणून रमीच्या एका ॲपची लिंक असायची, वर 'पहिल्या रिचार्जवर बोनस'. दहावीतली मुलं वाचतात त्या पत्रकात! कायदा आल्यावर ती लिंक गुपचूप गेली. किती पैसे मिळाले, कुणाला मिळाले, याचा जबाब तुम्ही क्लॅनला अजून दिलेला नाही. तो द्या.

जी बातमी खरोखर प्रत्येक गेमरच्या खिशाला हात घालणारी होती, ती तर तुमच्याकडे आलीच नाही. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा रेसिंग गेम २०१४ च्या डिसेंबरमध्ये आला. लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरवरच चालत असल्यामुळे विकत घेतलेला अख्खा गेम मेला. पुढे काही जणांच्या लायब्ररीतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. यावरून रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. मागणी साधी आहे: तुम्हाला सर्व्हर चालवायचे नसतील तर नका चालवू, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत ठेवून जा. २०२५ च्या जुलैत युरोपीय नागरिकांच्या याचिकेवर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. आपल्यातल्या कितीजणांनी पगारातले पैसे बाजूला काढून गेम घेतलेत! तो गेम आपला आहे की भाड्यानं आहे, हा प्रश्न त्यांना कुणी विचारायचा? त्या जुलैत तुमच्या पत्रकाची निम्मी जागा 'जीटीए सिक्स'च्या लीक झालेल्या तारखेनं खाल्ली होती. रॉकस्टारनं त्या गेमची तारीख आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी दिली. कंपनीनं दोनदा बदलली. तुम्ही 'खात्रीलायक सूत्रां'च्या नावावर तिच्याहून जास्त वेळा बदललीत आणि एकदाही चूक कबूल केली नाहीत.

परत चित्रपटांकडे येते, कारण तिथे तुम्ही जास्त निष्काळजी आहात. २०१९ चा 'गेम ओव्हर' हा अश्विन सरवणनचा तमिळ-तेलुगू चित्रपट, तापसी पन्नूचा. त्यातली नायिका गेम डिझायनर आहे आणि एका लैंगिक अत्याचाराच्या धक्क्यातून अजून सावरतेय. अंधाराची तिला भीती बसली आहे. तुम्ही लिहिलंत, 'फुल टाइमपास, सगळ्यांनी बघा.' आपल्या समूहात चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत. असं काही भोगलेली कुणी असेल तर तिनं तो चित्रपट एकटीनं, रात्री, टाइमपास समजून लावायचा? चांगला चित्रपट आहे, मीही सुचवीन, पण आधी हे सांगून सुचवीन. शिफारस करणाऱ्यानं एवढी काळजी घ्यायची नाही तर कुणी घ्यायची?

'वॉर गेम्स' तुम्ही सुचवलात, बरं केलंत. आणि दुसऱ्याच वाक्यात शेवट सांगून मोकळे झालात! १९८३ चा चित्रपट असला म्हणून काय झालं, आपली पोरं तो पहिल्यांदा बघणार होती. सांगायचं होतं ते सांगितलं नाहीत. एक शाळकरी मुलगा नवे गेम शोधता शोधता अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या कॉम्प्युटरशी जोडला जातो, इथवर सांगावं आणि थांबावं. मग सांगावं की त्या वेळचे अध्यक्ष रेगन यांनी तो प्रदर्शित होताच पाहिला आणि असं खरंच घडू शकतं का, असं आपल्या सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याला विचारलं. उत्तर आलं ते काळजी वाढवणारं होतं, आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल अध्यक्षीय आदेश निघाला. हे वाचून कोण तो चित्रपट बघणार नाही? आणि शेवट त्याचा त्याला कळू दे ना.

'माइनक्राफ्ट'च्या चित्रपटाच्या वेळी तर तुम्ही कहर केलात. तुमचं आवाहन: परदेशात मुलांनी 'चिकन जॉकी'च्या दृश्याला पॉपकॉर्न उधळले, तसे आपणही उधळू, व्हिडिओ पाठवा, सर्वांत भारी व्हिडिओला बक्षीस! शो सुटल्यावर खुर्च्यांखाली हात घालून ते पॉपकॉर्न वेचणाऱ्या मावशींना तुम्ही बक्षीस देणार होतात का? आणि त्याच चित्रपटाच्या चोरट्या प्रिंटची लिंक पुढच्या आठवड्यात तुमच्याच पत्रकात होती. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर अशा चोरीला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे अल्पवयीन वाचकांना लिंक पाठवणाऱ्याला माहीत असायला हवं.

तुम्ही म्हणाल, मी हे फुकटात करतो, वेळ कुठून आणू? वेळ नसेल तर दहा नावं देऊ नका, एकच द्या. स्वतः पाहिलेलं. उदाहरण देते. 'ग्रँड थेफ्ट हॅम्लेट', २०२४. लॉकडाउनमध्ये काम गेलेले दोन इंग्रज नट, सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन, 'जीटीए ऑनलाइन'च्या शहरात शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' बसवायला निघतात. सगळं चित्रीकरण गेमच्या आत. ऑडिशनला अनोळखी खेळाडू येतात आणि मध्येच कुणी तरी येऊन सगळ्यांना गोळ्या घालून जातो. तालीम पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांपासून तुटत चाललेल्या माणसाची घालमेलही त्यात आहे, आणि ती खरी आहे. शिव्या आणि गोळीबार आहे, त्यामुळे लहानांनी मोठ्यांसोबत पाहावा. झाली शिफारस. बघणाऱ्याला काय मिळेल ते कळलं, काय खटकेल ते कळलं, शेवट शाबूत राहिला.

तेव्हा महाशय, दोनच मार्ग आहेत. येत्या शनिवारच्या पत्रकात 'इबेलिन'ची दुरुस्ती सगळ्यांत वर छापा, सांगलीच्या हीलरची नाव घेऊन माफी मागा, रमीच्या लिंकचा हिशोब द्या आणि पुढे न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल एक अक्षर लिहू नका. हे जमणार नसेल तर पत्रक सोडा. क्लॅनमध्ये ते सांभाळायला तयार असलेली, मॅच संपल्यावर 'बरा आहेस ना?' असं विचारणारी माणसं आहेत.

आणि क्लॅनमधल्या सगळ्यांना माझी विनंती: पुढच्या शिफारशीखाली प्रत्येकानं एकच प्रश्न विचारा, 'पाहिलात का हो तो चित्रपट?' सरळ उत्तर येईपर्यंत ते पत्रक घरात कुणालाही दाखवू नका आणि पुढे पाठवू नका.

तुमच्याच क्लॅनमधली एक खेळाडू